‘ब’मधून ‘अ’ का वजा करायचा? वेक्टरची वजाबाकी, साइटवरून

बारावीच्या एका विद्यार्थ्याचे तीन प्रश्न आहेत. दोन वेक्टर (लांबी आणि दिशा दोन्ही असलेले बाण) आय, जे, के (एकमेकींना काटकोनात असलेल्या तीन दिशा) लावून दिले की वजाबाकीत उणे चिन्हांचा घोळ होतो, तो कसा टाळायचा? ‘अ’पासून ‘ब’पर्यंतचा वेक्टर काढताना ‘ब’मधून ‘अ’ वजा करतात, हे पाठ आहे पण पटलेलं नाही. उलट का नाही? आणि परीक्षा सोडली तर हे कुठे लागतं का?

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण माझं घर त्याच्यावर चालतं. मी सर्व्हेअर आहे. वीसेक वर्षं टोटल स्टेशन (कोन आणि अंतर मोजणारं यंत्र) खांद्यावर घेऊन पूल, पाइपलाइन, टाक्या, रस्ते अशा कामांवर फिरतोय. दिवसभरात शंभर पॉइंट घेतले तर निदान शंभर वेळा तीन घटकांची वजाबाकी होते. यंत्रच ती करतं म्हणा, पण बरोबर झाली का हे मलाच बघावं लागतं. चुकली तर खांब चुकतो, आणि खांबाला खोडरबर चालत नाही.

आता गणित. अ = ३आय − २जे + ५के आणि ब = आय − ४जे − २के. अ − ब काढायचा आहे. मी आय, जे, के बाजूला ठेवून नुसते आकडे कंसात मांडतो: अ = (३, −२, ५), ब = (१, −४, −२). पहिल्यातून पहिला, दुसऱ्यातून दुसरा, तिसऱ्यातून तिसरा:

(३ − १, −२ − (−४), ५ − (−२)) = (२, २, ७)

म्हणजे २आय + २जे + ७के. यात अवघड असं काहीच नाही, तरी पेपरात मार्क इथेच जातात. कारण मधल्या पायरीत दोन उणे शेजारी येतात आणि घाईत त्यातला एक गळतो. माझा उपाय अगदी बाळबोध आहे. ज्याला वजा करायचंय त्या वेक्टरची तिन्ही चिन्हं आधी उलटी करून वेगळ्या ओळीत लिहितो, (−१, ४, २), आणि मग सरळ बेरीज मारतो. वजाबाकी करतच नाही म्हण ना. हे नुसतं चिन्हांचं कसब नाही, त्यामागे चित्र आहे. उणे ब म्हणजे ब चाच बाण, तेवढ्याच लांबीचा, पण तोंड उलट दिशेला फिरवलेला. अ − ब म्हणजे आधी अ वर चाल आणि तिथून ब च्या उलट वाटेनं चाल.

शाळेतल्या वजाबाकीची एक सवय मात्र इथे विसरावी लागते. ५२ मधून २७ घालवताना दोनातून सात जात नाहीत, म्हणून आपण दशकाच्या घरातून एक उसना आणतो. वेक्टरमध्ये उसनवारी बंद. आयच्या घरातलं आयच्या घरात, जेचं जेच्या घरात, केचं केच्या घरात. दोनातून सात गेले नाहीत तर उणे पाच लिहायचे आणि पुढे जायचं. याचं कारण साध्या अनुभवातलं आहे: पूर्वेला दहा किलोमीटर चाललास म्हणून इंचभरही वर चढत नाहीस. तिन्ही दिशा एकमेकींना काटकोनात आहेत, त्यामुळे एकीची तूट दुसरी भरून काढू शकत नाही.

दुसरी खोड पोरांची अशी, की २आय − ३के दिसलं की (२, −३) लिहून मोकळे. मधला जे गायब आहे याचा अर्थ तिथे शून्य आहे, (२, ०, −३). हे शून्य लिहायचा आळस केला की उणे तीन जेच्या घरात जाऊन बसतो.

आता ‘ब’मधून ‘अ’ का? घरी येणारं लाइट बिल बघ. चालू रीडिंग उणे मागील रीडिंग, तेवढे युनिट. मागील रीडिंगमधून चालू रीडिंग कुणी वजा करत नाही. गाडीचं मीटर घे: पोहोचल्यावरचा आकडा उणे निघतानाचा आकडा, तेवढा प्रवास. पोहोचलो ते आधी लिहायचं, निघालो ते त्यातून घालवायचं. बिंदूचा स्थानसदिश (मूळबिंदूपासून त्या बिंदूपर्यंतचा वेक्टर) म्हणजे अशीच तीन मीटरं एका पेटीत बसवलेली: पूर्वेचं, उत्तरेचं आणि उंचीचं. अ वरून निघून ब वर पोहोचलास तर तिन्ही मीटरांवर ‘चालू उणे मागील’ करायचं. बीजगणितानं सांगायचं तर अ मध्ये चाललेलं मिळवलं की ब यायला हवा, म्हणून चाललेलं = ब − अ. उत्तर आलं की ताळा याच वाटेनं करायचा. निघालेल्या बिंदूत उत्तर मिळव, पोहोचलेला बिंदू मिळाला पाहिजे. दहा सेकंदांचं काम आहे.

उलटं केलं तर काय होतं, ते मी स्वतः भोगलंय. सुरुवातीच्या वर्षांत एका पुलाच्या कामावर होतो. पिअरच्या, म्हणजे पुलाच्या खांबाच्या, डोक्यावर बेअरिंगचे बोल्ट बसवायचे होते. टोटल स्टेशनवर डिझाइनचा पॉइंट भरला, प्रिझम (यंत्राचा किरण परतवणारी काच) धरणाऱ्या पोराला वर चढवलं. स्क्रीनवर ईस्टिंगचा, म्हणजे पूर्वेकडच्या मापाचा, फरक आला अधिक ०.०१४, म्हणजे १४ मिलिमीटर. मी ओरडलो, “पूर्वेला चौदा सरक!” पोरगा सरकला. पुन्हा रीडिंग घेतलं तर अधिक ०.०२८. मला वाटलं पोरगा उलट्या बाजूला गेला. त्याच्यावर डाफरलो. तो बिचारा म्हणाला, “साहेब, तुम्ही सांगितलं तसंच सरकलो.” आणि तो खरंच बरोबर होता. त्या यंत्राचं सेटिंग ‘मोजलेलं उणे डिझाइन’ असं होतं. अधिक १४ चा अर्थ ‘तू १४ मिलिमीटर पूर्वेला आहेस’ असा होता, मी तो ‘तुला १४ मिलिमीटर पूर्वेला जायचंय’ असा वाचला. वेक्टर तोच, बाणाचं तोंड उलटं. आकडा बरोबर असून चूक दुप्पट झाली, आणि तोवर सुतारानं फर्मा ठोकून टाकला होता. तो पुन्हा काढावा लागला. सुताराकडून त्या दिवशी जे ऐकून घेतलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

काही यंत्रं ‘डिझाइन उणे मोजलेलं’ दाखवतात, काही उलट, काहींत ते सेटिंगमधून बदलता येतं. म्हणून नवीन यंत्र हातात आलं की मी आधी पोराला मुद्दाम एक पाऊल पूर्वेला सरकवतो आणि आकडा वाढतो की घटतो ते बघतो. तुझ्या पेपरातही तेच आहे. प्रश्न ‘अ च्या सापेक्ष ब’ विचारतोय की ‘ब च्या सापेक्ष अ’, हे बोटानं दाखवून वाच. ‘सापेक्ष’च्या आधी ज्याचं नाव आहे तो निघण्याचा बिंदू, तो वजा होतो.

तिसऱ्या घटकाबद्दल जरा जास्त बोलतो. पहिले दोन नकाशावर दिसतात, हा दिसत नाही, म्हणून लोक त्याला विसरतात. साइटवर आम्ही बहुतेक वेळा पहिल्या स्टेशनला (१०००, १०००, १००) असे मानीव कोऑर्डिनेट देतो, म्हणजे मागे-खाली गेलं तरी उणे आकडे येत नाहीत. समज, एका टाकीच्या फ्लँजचा (पाइप जिथे बोल्टनं जोडतात त्या कडेचा) मध्य अ = (१०१२.४५०, १०३४.१२०, ९८.६००) आणि वरच्या बाजूच्या फ्लँजचा मध्य ब = (१०२४.४५०, १०३०.१२०, १०१.६००). सगळं मीटरमध्ये. हिशोब सोपा जावा म्हणून आकडे जुळवून घेतलेत.

ब − अ = (१२.०००, −४.०००, ३.०००)

हा वाचायचा असा: खालच्या फ्लँजपासून १२ मीटर पूर्वेला, ४ मीटर दक्षिणेला, कारण उत्तरेचा घटक उणे आहे, आणि ३ मीटर वर. लांबीसाठी तिन्हींचे वर्ग मिळव, १४४ + १६ + ९ = १६९, त्याचं वर्गमूळ १३ मीटर. पण ड्रॉइंगच्या प्लॅनवर पट्टी लावून मोजलंस तर फक्त १४४ + १६ = १६०, वर्गमूळ १२.६५. पस्तीस सेंटिमीटरचा फरक. प्लॅनवरून माप घेऊन पाइप कापला तर तो वीतभराहून जास्त तोकडा पडणार आणि फिटर तुझ्या नावानं शंख करणार. मी एकदा नाही, तीनदा हे बघितलंय, वेगवेगळ्या साइटवर.

लांबीवरूनच आणखी एक. दोन वेक्टरच्या लांब्या वजा केल्या म्हणजे वेक्टरची वजाबाकी झाली, असं समजू नकोस. (२, ३, ६) ची लांबी ७, (६, २, ३) ची लांबीही ७. लांब्यांची वजाबाकी शून्य. पण वेक्टरची वजाबाकी (−४, १, ३), आणि तिची लांबी २६ चं वर्गमूळ, म्हणजे जवळपास ५.१. एका जागेवरून निघून सात-सात मीटर गेलेली दोन माणसं एकमेकांपासून पाच मीटरवर उभी आहेत.

वजाबाकीचा जो गुण मला सगळ्यात आवडतो तो पुस्तकात सहसा सांगत नाहीत: दोन्हीकडे जे सारखं असेल ते ती आपोआप उडवून लावते. वरच्या उदाहरणात स्टेशनला (१०००, १०००, १००) ऐवजी (५०००, ५०००, ५००) दिले असते तर अ आणि ब चे सगळे आकडे बदलले असते. ब − अ मात्र तोच राहिला असता. (१२, −४, ३). मूळबिंदू कुठे धरायचा ही आपली सोय आहे, दोन फ्लँजमधलं अंतर ही पाइपची गरज आहे, आणि वजाबाकीत सोय निघून जाते, गरज उरते.

प्रिझमच्या उंचीचंही तसंच. रॉड १.६०० मीटरवर लावलाय आणि यंत्रात मी चुकून १.५०० भरलं, तर प्रत्येक पॉइंटची उंची १० सेंटिमीटरनं जास्त येईल. दोन्ही पॉइंट तसेच घेतले असतील तर फरकात ती चूक उरत नाही. पण मध्ये झुडूप आलं म्हणून पोरानं रॉड अर्धा मीटर वर केला आणि मला सांगितलं नाही, तर ते ५० सेंटिमीटर थेट तिसऱ्या घटकात उतरतात. पहिले दोन घटक एकदम साफ असतात, म्हणून कुणाला शंकाही येत नाही. रॉड हलवला की आधी हाक मारायची, हा नियम मी पोरांना पहिल्या दिवशी सांगतो. जीपीएसच्या आरटीके पद्धतीचा जीवही याच वजाबाकीत आहे. एक रिसीव्हर माहीत असलेल्या बिंदूवर, दुसरा हातात. वातावरणामुळे येणारी चूक जवळजवळच्या दोघांना बरीचशी सारखीच येते, आणि दोघांमधला वेक्टर, ज्याला आम्ही बेसलाइन म्हणतो, काढताना तिचा मोठा भाग उडून जातो. नुसता मोबाइल काही मीटरनी चुकतो आणि आरटीके दोन-तीन सेंटिमीटरवर येतं, यात या वजाबाकीचा वाटा मोठा आहे.

मात्र जे सारखं नाही ते उडत नाही, उलट साचतं. अ च्या मोजणीत ३ मिलिमीटरची स्वतंत्र अनिश्चितता असेल आणि ब च्या मोजणीत ४, तर ब − अ मध्ये १ उरेल असं वाटतं. नाही. ९ अधिक १६, वर्गमूळ ५ मिलिमीटर. आकडे वजा होतात, शंका मात्र मिळवल्या जातात.

आता सगळ्यात महागडी चूक. दोन्ही वेक्टर एकाच चौकटीतले नसले तर वजाबाकीला अर्थ नाही, आणि कॅल्क्युलेटर ते सांगत नाही. त्याला (अ) आणि (ब) दे, तो मुकाट्यानं उत्तर देतो.

आपल्याच राज्यातलं उदाहरण घे. यूटीएम या नकाशाच्या मापनपद्धतीत पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे पट्टे पाडलेत. प्रत्येक पट्ट्याच्या मध्यरेषेला ईस्टिंग ५,००,००० मीटर द्यायचं आणि तिथून मोजायचं. ७२ ते ७८ रेखांशाचा पट्टा ४३ नंबरचा, ७८ ते ८४ चा ४४ नंबरचा. महाराष्ट्र दोन्हींत पसरलाय. अमरावती ४३ मध्ये येतं, तिथलं ईस्टिंग साधारण ७,८५,००० च्या घरात. नागपूर ४४ मध्ये, तिथलं साधारण ३,००,०००. कुणी पट्टा न बघता नागपूर उणे अमरावती केलं तर पहिला घटक उणे ४,८५,००० मीटर. म्हणजे नागपूर अमरावतीच्या पश्चिमेला पावणेपाचशे किलोमीटरच्याही पलीकडे! विदर्भातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे की ते पूर्वेला आहे आणि सरळ रेषेत दीडशे किलोमीटरच्या आत आहे. इथे उत्तर इतकं हास्यास्पद आहे म्हणून पकडलं जातं. छोट्या कामात दोन फाइली दोन वेगळ्या चौकटींतल्या असल्या तर चूक दोन-चार मीटरचीही येऊ शकते, आणि ती कुणाला हसवत नाही.

याच जातीच्या आणखी काही गोष्टी भराभर सांगतो. आमच्या फाइली बऱ्याचदा पी-एन-ई-झेड-डी अशा क्रमानं येतात, म्हणजे पॉइंट नंबर, नॉर्दिंग (उत्तरेकडचं माप), ईस्टिंग, उंची, वर्णन; कॅडला (ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरला) मात्र आधी ईस्टिंग हवं असतं. एक फाइल एका क्रमात आणि दुसरी दुसऱ्या क्रमात असेल तर तू पूर्वेतून उत्तर वजा करतोयस. उंचीचंही बघावं लागतं. जीपीएसची कच्ची उंची एका गणिती लंबगोलापासून मोजलेली असते, नकाशावरची समुद्रसपाटीपासून. कोकण किनाऱ्यावर या दोघांत साठ मीटरच्या वर फरक आहे. एक इकडची आणि एक तिकडची घेऊन वजा केलीस तर किनाऱ्यावरचा बेंचमार्क (उंची पक्की माहीत असलेली खूण) समुद्राच्या तळाशी जातो. आणि अक्षांश-रेखांश अंशांत घेऊन थेट वजा करून त्याला मीटरचा वेक्टर समजू नये. आपल्याकडे अक्षांशाचा एक अंश सुमारे ११०.७ किलोमीटर भरतो आणि रेखांशाचा १०३ ते १०७ च्या दरम्यान, जागेप्रमाणे.

कॉम्प्युटरकडे जाणार असशील तर एवढं लक्षात ठेव. पुण्याचं यूटीएम नॉर्दिंग २०,४८,००० मीटरच्या आसपास येतं. ग्राफिक्सची बरीच सॉफ्टवेअर आकडे ३२ बिटांत ठेवतात, आणि एवढ्या मोठ्या आकड्याजवळ ३२ बिटांची सगळ्यात बारीक पायरी ०.१२५ मीटर असते. साडेबारा सेंटिमीटर! म्हणजे शेजारशेजारचे दोन बोल्ट एकाच जागेवर जाऊन बसू शकतात, आणि मग त्यांची वजाबाकी सरळ शून्य. म्हणून मॉडेल चढवण्याआधी सगळ्या बिंदूंतून एक ठरावीक मोठा वेक्टर वजा करतात, लहान आकड्यांवर काम करतात आणि शेवटी तोच परत मिळवतात. तो वेक्टर काय होता, हे कागदावर लिहून ठेवलं नाही तर पुढची गंमत वेगळी. एकदा मला दुसऱ्याच्या मॉडेलमधला तो वेक्टर शोधायला दोन दिवस लागले होते.

जाता जाता, हे आय, जे, के आले कुठून? आयर्लंडच्या हॅमिल्टनकडून. १६ ऑक्टोबर १८४३ ला डब्लिनमध्ये कालव्याकाठी बायकोबरोबर चालताना त्याला क्वाटर्निअनचं (चार घटकांच्या संख्यांचं) सूत्र सुचलं आणि त्यानं ते तिथल्या पुलाच्या दगडावर कोरलं. त्याच्या चार घटकांपैकी तीन दिशांचे तेवढे उचलून आपण आज वापरतो तशी मांडणी पुढे अमेरिकेत गिब्जनं आणि इंग्लंडमध्ये हेविसाइडनं रुळवली. त्याचा चौथा घटक तुझ्या पेपरात नाही, एवढं नशीब समज.

आता वही काढ आणि हे कर. अ = ४आय − ७के, ब = −जे + २के. अ पासून ब पर्यंतचा वेक्टर आणि त्याची लांबी काढ. दोन्हींत एकेक घटक मुद्दाम गाळलाय, तिथे आधी शून्य भर. मग अ ची तिन्ही चिन्हं उलटी करून ब च्या खाली लिही. उत्तर (−४, −१, ९) यायला हवं आणि लांबी ९८ चं वर्गमूळ, ९.९ च्या जरा आत. तिसरा घटक उणे पाच आला असेल तर उणे सातातला उणे तू वाटेत कुठेतरी सांडलास. वरच्या ओळीत जाऊन शोध.